वाढ्याच्या दिवसांत घोड्याचं पोट

ऊसतोडी लागल्या की कोल्हापूर जिल्ह्यात वैरणीची ददात मिटते. फडातून वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या येतात, म्हशी खातात, बैल खातात आणि दावणीच्या टोकाला घोडं असेल तर त्याच्यापुढंही त्यातलीच एक पेंढी पडते. रंकाळ्यावर, पन्हाळ्यावर फेऱ्या मारणारे घोडे, वरातीचे, शर्यतीच्या गाडीचे, धनगरांचं बिऱ्हाड वाहणारी तट्टं, या सगळ्यांची वैरण याच दिवसांत बदलते. पहाटे गारठा असतो म्हणून पाणी पिणं घटतं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, मग कामाचाही नेम राहत नाही. पोटशूळ उठायला एवढं पुरतं.

आपल्याकडं जनावर म्हटलं की डोक्यात म्हैस नाहीतर बैल असतो. पोट फुगलं की तेल पाजायचं, हिंग-ओवा द्यायचा, हे हात सवयीनं करतात. घोड्याचं पोट तसं नाही. ते रवंथ करत नाही, जठर लहान, जेमतेम 8 ते 15 लिटरचं, आणि एकदा आत गेलेलं उलटून बाहेर येत नाही. घोड्याला उलटी होतच नाही. चारा कुजवून पचवण्याचं काम पुढं मोठ्या आतड्यात चालतं. तिथं एके ठिकाणी आतडं एकदम वळतं आणि अरुंद होतं. पाटाच्या वळणावर पाचट तटावं तसा अर्धवट चावलेला, कोरडा चारा तिथंच तटतो.

म्हणून वाढं द्यायचंच असेल तर कुट्टी करून, ताजं, आणि रोजच्या कडब्यात थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. ढिगात राहून गरम झालेलं, आंबूस वास मारणारं वाढं म्हशीनं खाल्लं तरी घोड्याला दाखवू नका. म्हाताऱ्या घोड्याचे दात घासलेले असतात. त्याच्या तोंडातून अर्धवट चावलेले बोळे पडताना दिसले तर आधी दात तपासून घ्या. ठाणात खाली पाचट अंथरत असाल तर तेही ध्यानात ठेवा. रात्री गव्हाण रिकामी झाली की भुकेलं घोडं अंथरूणच खातं.

पोट दुखतंय हे घोडं कसं सांगतं? पुढच्या पायानं जमीन उकरतं. मान वळवून कुशीकडं बघतं, वरचा ओठ दुमडतं, तोबरा लावला तरी तोंड घालत नाही. बसतं, उठतं, पुन्हा बसतं. अंग ताणून लघवीला उभं राहिल्यासारखं करतं आणि काही होत नाही. इथंच बहुतेकांची गफलत होते: ‘लघवी तुंबली’ म्हणून लघवीचा पाला-काढा शोधण्यात दोन तास जातात. लघवी खरोखर तुंबलेली क्वचितच असते, दुखणं आतड्याचं असतं. दोन अपवाद मात्र सांगायला हवेत. गाभण घोडीचे अकरा महिने भरत आले असतील तर ही विण्याची चाहूल असू शकते. आणि शर्यतीहून आलेल्या घोड्याचे पुठ्ठे दगडासारखे कडक झाले, लघवी काळ्या चहासारखी आली, तर ते स्नायूंचं दुखणं आहे. त्याला एक पाऊलही चालवू नका.

डॉक्टरांना फोन लावायच्या आधी पाच मिनिटं काढून नाडी बघा. खालच्या जबड्याच्या कडेवर आतल्या बाजूनं बोट फिरवलं की बोटाखाली सरकणारी शीर लागते. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44. साठीच्या वर गेली आणि तिथंच राहिली तर प्रकरण गंभीर समजा. मग ओठ वर करून हिरडी बघा. ती गुलाबी आणि ओली हवी. अंगठ्यानं दाबून सोडली की पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत भरून यायला हवा. दोन्ही कुशींना कान लावा. निरोगी पोटात गुरगुर चालूच असते, पूर्ण शांतता वाईट. अंगाचं तापमान 99 ते 101.5 फॅरनहाइटमध्ये आहे का तेही बघा. शेवटची लीद कधी पडली, ओली की सुकी, वरून चिकट शेंबूड होता का, नवीन काय खाल्लं, हे सगळं फोनवर सांगता आलं तर डॉक्टर कोणती औषधं बरोबर घ्यायची ते ठरवूनच निघतात.

डॉक्टर येईपर्यंत वैरण, तोबरा सगळं उचला. घोडं मोकळ्या मऊ जागेत आणा, भिंतीजवळ किंवा पिछाडी बांधून ठेवू नका. हळूहळू दहा-पंधरा मिनिटं चालवणं ठीक, पण रात्रभर गावभर हिंडवणं म्हणजे घोडंही दमवायचं आणि माणूसही. लोळल्यानं आतड्याला पीळ पडतो असं सगळे सांगतात. पुष्कळदा पीळ आधी पडलेला असतो आणि त्या कळेनं घोडं लोळतं. निवांत पडून असेल तर पडू द्या. आपटत असेल तर माणसांना लांब ठेवा, लाथ लागली तर दवाखान्याच्या दोन वाऱ्या.

नळीनं किंवा बाटलीनं तेल पाजू नका. हे मी जरा चढ्या आवाजातच सांगतो. तोंड वर धरून ओतलेलं तेल श्वासनळीत उतरतं आणि शूळ बरा झालेलं घोडं चार दिवसांनी न्यूमोनियानं जातं. डॉक्टर नाकातून नळी जठरापर्यंत घालतात, आधी आत साठलेला वायू-पाणी काढतात आणि मगच, गरज असेल तर, तेल सोडतात. मेडिकलमधून आणलेलं वेदनाशामक इंजेक्शनही परस्पर टोचू नका. कळ दबते, दुखणं आतल्या आत वाढतं. तडफडणारं घोडं एकाएकी शांत झालं पण अंग गार घामानं भिजलंय, हिरड्या काळपट पडल्यात, तर ते बरं वाटल्याचं लक्षण नव्हे. आतडं फुटलं की असंच होतं.

सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. पण आपल्या भागातल्या बहुतेक डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशींत जातो. घोड्याला नळी घालण्याचा हात कुणाला आहे हे आजच विचारून ठेवा, रात्री दोनला विचारत बसू नका.

दूध धंद्याच्या जिल्ह्यात आणखी एक धोका घरातच असतो, तो म्हणजे पशुखाद्याचं पोतं. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाई-म्हशींना ते पचतं, घोड्याच्या हृदयाला मात्र थोड्या मात्रेतही ते मारक आहे. दिसायला सुरुवातीला पोटशूळच वाटतो, आणि त्याला उतारा नाही. म्हशीचं आंबोण घोड्याला नको, वाटीभरही नको. घोडं सुटून हरभऱ्याच्या पोत्यावर किंवा गुऱ्हाळावरच्या काकवीवर ताव मारून आलं असेल तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा. पोटातून निभावलं तरी एक-दोन दिवसांत खूर गरम होऊन घोडं कायमचं लंगडं पडू शकतं.

वरातीच्या घोड्यांचं तर विचारूच नका. दुपारी चारला सजवलेलं घोडं रात्री अकरापर्यंत बँडपुढं उभं, तोंडात लगाम, ना पाणी ना काडी. घरी आल्यावर कळवळून मालक भरगच्च तोबरा लावतो. त्याऐवजी आधी पाणी. दमलेल्या घोड्याला पाणी दाखवू नये ही जुनी समजूत सोडा, थोड्या थोड्या वेळानं पाजत राहा. मग सुकी वैरण, आणि तासाभरानं अर्धाच तोबरा. मोठ्या घोड्यालाही एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त दाणा नको. मोठं घोडं दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी पितं. पहाटे ते गार पाण्याला तोंड लावत नसेल तर कोमट करून द्या आणि दाण्यात रोज 25-30 ग्रॅम मीठ घाला. पाणी वाढतं की नाही हे कळायला बादली मोजूनच ठेवा.

नदीकाठी किंवा जमिनीवर टाकलेली वैरण खाणाऱ्या घोड्याच्या पोटात वाळू साठते. चार-पाच लेंडके पारदर्शक पिशवीत पाण्यात कालवून टांगा. तळाशी वाळूचा थर बसला तर गव्हाण उंचावर बांधा. जंताचं औषध वेळापत्रकानं द्या, त्यात नवीन सांगण्यासारखं काही नाही.

शूळ उतरून लीद पडली की लगेच पोटभर खायला घालायची घाई होते. पहिल्या दिवशी पाणी आणि मूठ-मूठ ओला चारा, तोही डॉक्टरांना विचारून. दाणा दोन-तीन दिवसांनी, निम्म्यापासून सुरू. वाढं त्या आठवड्यात नकोच.