रीमॅपनंतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घसरायला लागलाय? या चुका टाळा

खंबाटकी चढताना माझ्या गाडीने मला पहिल्यांदा घाबरवलं. डिझेल इंजिन, सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअर यांना ऑइलमधून जोडणारा ऑटोमॅटिक), आत पाच माणसं, डिकी गच्च, एसी चालू. रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, करून जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि पिकअपवर मी जाम खूश होतो. घाटाच्या मध्यावर दुसऱ्याचा तिसरा पडताना आरपीएमची सुई एकदम वर उसळली, क्षणभर गाडीला कोणी ओढतच नाहीये असं वाटलं आणि मग मागून लाथ बसावी तसा गिअर बसला. बायकोने विचारलं, "काय झालं रे?" मी म्हणालो, "खड्डा होता."

खड्डा नव्हता. पुढचे दोन महिने भोसरीतल्या एका गॅरेजमध्ये चहा पीत जे शिकलो ते इथे लिहितोय. यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्यात.

इंजिनची ताकद वाढवली, गिअरबॉक्सला सांगितलंच नाही

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून जरा सविस्तर.

ऑटोमॅटिकमध्ये गिअर धरून ठेवतात त्या क्लच प्लेटांच्या गड्ड्या, आणि त्यांना दाबून धरतं ऑइलचं प्रेशर. प्रेशर किती ठेवायचं हे गिअरबॉक्सचा कंप्युटर ठरवतो. त्याला कुठून कळतं? इंजिनचा कंप्युटर त्याला सतत कळवत असतो की आत्ता इतका टॉर्क (फिरवण्याचा जोर) येतोय. माझं इंजिन कागदावर ३२० न्यूटन मीटरचं. रीमॅपनंतर ते ३८०च्या आसपास गेलं, पण घाईघाईत केलेल्या मॅपमध्ये गिअरबॉक्सला कळवला जाणारा आकडा जुनाच राहिला. मार्केट यार्डातल्या हमालाला पोतं ५० किलोचं आहे असं सांगायचं आणि पाठीवर ७० किलोचं टाकायचं, तसला प्रकार. प्रेशर कमी पडतं, प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात, तापल्या की त्यांचं अस्तर करपतं आणि मग त्या आणखी घसरतात.

त्यात उभी गाडी हलवताना टॉर्क कन्व्हर्टर स्वतःच टॉर्क जवळपास दुप्पट करतो. म्हणजे इंजिनने जास्तीचे ६० दिले, तर सिग्नलवरून सुटताना गिअरबॉक्सच्या तोंडाशी शंभराच्या वर पोचतात.

त्यामुळे रीमॅपवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: गिअरबॉक्सचाही मॅप करणार का? टॉर्कचं गणित दोन्हीकडे जुळवणार का? "ऑटोमॅटिक आपोआप शिकतो" असं उत्तर आलं तर चहा संपवून उठा. तो शिकतो हे खरंच, पण झिजेपुरतं, ठरावीक मर्यादेत.

आणि मर्यादा खुद्द कंपनीलाही पाळावी लागते. स्कोडा सुपर्बचं १.८ टीएसआय इंजिन आपल्याकडे मॅन्युअलमध्ये ३२० न्यूटन मीटरचं होतं आणि सात गिअरच्या डीएसजीसोबत (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) २५०चं. इंजिन तेच. कोरड्या क्लचचा तो डीक्यू२०० गिअरबॉक्स २५०च्या वर झेपवतच नाही, म्हणून इंजिनला वेसण घातलेली. त्याच गिअरबॉक्सवर कोणी ३२०चा मॅप विकत असेल, तर काय विकतोय ते ओळखा.

'लाइफटाइम ऑइल'वर विश्वास

कोणाच्या लाइफचं, हे कोणी सांगत नाही. झेडएफचा आठ गिअरचा ८एचपी अनेक महागड्या गाड्यांत बसतो आणि त्यातल्या काहींमध्ये 'ऑइल बदलायची गरज नाही' म्हणून सांगितलं जातं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः मात्र वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदला म्हणते. घाट, ट्रॅफिक आणि उन्हाळा बघता मी ६० हजारच धरतो. ऑइलचं तापमान दर दहाएक अंशांनी वाढलं की ते खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. तापलेल्या गिअरबॉक्सचं ऑइल म्हणूनच पुस्तकातल्या आकड्यापर्यंत टिकत नाही.

माझ्या गाडीचं चेंबर (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं भांडं) खोललं तेव्हा ऑइल काळपट तपकिरी, वास करपलेल्या फोडणीसारखा. चेंबरच्या तळाशी गोल चुंबकं असतात, त्यांच्यावर करड्या रंगाचा मऊ लेप बसला होता. फोरमनने बोटाने तो पुसून माझ्या तळहातावर लावला. "मऊ आहे ना? मग चालेल. कचकच लागली असती तर गिअरबॉक्स खाली उतरवला असता." मऊ लेप म्हणजे नेहमीची झीज. टोचणारे कण किंवा चकाकत्या चकत्या निघाल्या, तर बेअरिंग किंवा गिअर गेलाय. तिथे नुसतं ऑइल बदलून काही होणार नाही.

ऑइल निवडताना 'सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं' असं लिहिलेला डबा नको. गाडीच्या पुस्तकात जो स्पेसिफिकेशन क्रमांक आहे तोच. टॉर्क कन्व्हर्टरचं ऑइल सीव्हीटीत (बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक) टाकलं तर बेल्ट घसरतो.

मशीन लावून सगळं एका फटक्यात फ्लश करायची घाईही नको, विशेषतः लाखभर किलोमीटर ऑइल बदललेलंच नसेल तर. चेंबरचा बोल्ट काढला की अर्धंही ऑइल निघत नाही, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. एकूण सात लिटर असेल आणि दरवेळी तीन निघत असेल, तर पहिल्या खेपेला ४३ टक्के नवं होतं, दुसऱ्या खेपेला ६७, तिसऱ्या खेपेला ८१. मधे काही शे किलोमीटर गाडी चालवायची. वेळ जातो, पण जुनी घाण एकदम उसळून व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइल कुठे जायचं ते ठरवणारा बारीक वाटांचा भाग) अडकत नाही.

लेव्हल अंदाजाने

बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. गाडी चारही बाजूंनी समतल, इंजिन चालू, सगळ्या गिअरमधून लिव्हर फिरवून झालेला, स्कॅनरवर ऑइलचं तापमान सांगितलेल्या पट्ट्यात. अनेक गाड्यांत तो ४० अंशांच्या आसपास असतो. मग ओव्हरफ्लोचा बोल्ट काढायचा आणि धार थेंबांवर आली की बंद करायचा. माझ्या आधीच्या गॅरेजने गाडी जॅकवर पुढून उचलून, इंजिन बंद ठेवून 'भरलं' होतं. ऑइल कमी असलं की पंप हवा ओढतो, जास्त झालं की फिरते भाग त्याला घुसळतात. दोन्हीकडून फेसच, आणि फेसाने प्रेशर बनत नाही.

कूलर हवा की नको

माझ्या मते टॉर्क कन्व्हर्टरवर पैसा टाकायचाच तर पहिला गिअर ऑइल थंड करणाऱ्या वेगळ्या कूलरवर. मॅप नंतर. खंबाटकीच्या त्या फेरीनंतर स्कॅनर लावून गेलो तेव्हा माथ्यावर ऑइल १२४ अंश होतं. कूलर बसवल्यावर तोच घाट, तेवढीच माणसं, १०३.

पण बसवण्यातच चुका होतात. रेडिएटरमधला मूळ कूलर काढून टाकू नका; नवा त्याच्या पुढे मालिकेत जोडा, थर्मोस्टॅटसह, नाहीतर पहाटे ऑइल तापायलाच वेळ लागतो. पाइप गिअर ऑइलच्या तापमानाला टिकणारा हवा. पेट्रोलचा रबरी पाइप क्लिप मारून लावलेला मी पाहिलाय. तो सुटला तर गरम ऑइल थेट सायलेन्सरवर. कोरड्या क्लचच्या डीक्यू२००ला ऑइल कूलर लावून उपयोग नाही, कारण त्याचे क्लच ऑइलमध्ये नसतातच. तिथे इलाज पायात आहे: ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकत बसू नका, पुढे गाडीभर जागा झाली की मग निघा. एएमटीलाही (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्र टाकतं) हेच. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरलीत की क्लच गेला.

रेडिएटरमधला कूलर आतून फुटला, तर कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं आणि लाल ऑइलची सोलकढी होते. अशी सोलकढी दिसली तर गाडी टो करूनच न्या. क्लच प्लेटांचं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं तो पाण्याने आणि ग्लायकोलने सुटतो.

गिअरबॉक्स नवा, कूलर जुना

गिअरबॉक्स उतरवून नव्या प्लेटा, नवी सीलं घातली, आणि जुन्या कूलरमध्ये व पाइपांत अडकलेला चुरा तसाच राहिला. हजारभर किलोमीटरमध्ये तो चुरा नव्या व्हॉल्व्ह बॉडीत. कूलर नीट साफ होत नसेल तर बदलाच. नव्या प्लेटा बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवल्या का, हेही विचारा. 'मजबुतीसाठी' गड्डीत एक जादा प्लेट कोंबायची हौस असते, पण मोकळीक मोजली नाही तर गिअर सुटलेला असतानाही प्लेटा घासत राहतात.

कुर्ल्याहून सेकंडहँड गिअरबॉक्स आणणार असाल तर त्याच्यावरच्या पट्टीचा कोड अक्षर न् अक्षर जुळवा. बाहेरून जुळे दिसणाऱ्या दोन गिअरबॉक्सचं आतलं रेशो वेगळं असू शकतं.

उतरवण्याआधी हे बघा

थांबलेली गाडी डीमध्ये टाकताना धडकन धक्का? आधी इंजिनची माउंटिंग बघा. फाटलेल्या रबराच्या पायी गिअरबॉक्स बदनाम होतो. ५०-६०च्या वेगाला हलक्या पायाने चालवताना रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर येत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक किंचित टेकवा. थरथर लगेच थांबली तर दोष कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचचा (इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडणारा क्लच). तशीच राहिली तर इंजिनचं मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) शोधा. सकाळी डी टाकल्यावर दोन सेकंद काहीच होत नाही? लेव्हल आणि फिल्टर. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसते? स्कॅनरने बिघाडाचा कोड वाचल्याशिवाय बॅटरीची वायर काढू नका, पुरावा पुसला जातो. आणि काम झाल्यावर ॲडॅप्टेशन (कंप्युटरने शिकलेले जुने आकडे) रीसेट करून घ्या, नाहीतर कंप्युटर नव्या प्लेटा जुन्याच हिशोबाने दाबत बसतो.

वॉरंटीत असलेल्या गाडीला यातलं काही करायचं असेल, तर क्लेम नाकारला जाईल हे धरूनच करा, आणि बदल इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा.

कूलर बसवल्यावर पहिले चारपाच दिवस रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी नुसतं पाणी दिसलं तर एसीचं आहे. हिरवा किंवा गुलाबी पातळ डाग असेल तर कूलंट. लाल, बोटाला बुळबुळीत लागणारा थेंब असेल तर किल्ली खिशातच ठेवा आणि क्लिप तपासा. माझ्या पुठ्ठ्यावर तिसऱ्या सकाळी तसा एक थेंब होता. क्लिप अर्धा आटा सैल होती.