रस्सा न सोडता दिवाळी कशी निभवावी

भाऊबीजेच्या दुपारी माझ्या माहेरी, कोल्हापुरात मंगळवार पेठेत, एका वेळी सोळा-सतरा ताटं मांडली जातात. पातेल्यावरचं झाकण निघालं की पांढऱ्या रश्श्याचा वास जिन्यापर्यंत येतो. अशा घरात "मी सध्या डाएटवर आहे" म्हणणारी बाई एकतर आजारी समजली जाते, नाहीतर रुसलेली. मी दोन वर्षं म्हणून पाहिलं. पहिल्या वर्षी आत्तीनं कपाळाला हात लावून ताप बघितला. दुसऱ्या वर्षी भावाला वाटलं, ओवाळणी कमी पडली.

तिसऱ्या वर्षी रक्तातली साखर काठावर आली आणि मी गंमत सोडून नीट विचार केला. दिवाळीच्या पाच दिवसांत तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिली. मटणाचं जेवण भरलं एकदा. पुरणपोळी एकदा. आणि लाडू चौदा! ज्या ताटाला मी घाबरत होते ते ताट निर्दोष निघालं, चोर डब्यात बसला होता. खाली दिलंय ते सगळं त्या वहीवरून सुचलेलं आहे.

आधी जेवणं मोजा, मग ठरवा

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत कुठं कुठं जेवायचंय ते कागदावर लिहा. बहुतेकांच्या यादीत खरी मोठी जेवणं तीन किंवा चार निघतात. ती मनापासून जेवायची. बाकीच्या वेळी घरी साधं भाजी-भाकरी, वरण-भात, ताक. सणाचे दिवस आहेत म्हणून मंगळवारच्या रात्रीही पुरी तळायची, ही सवय आपणच लावून घेतलेली असते; पाहुणा कुणी नसतोच.

फराळाचे डबे नजरेआड करा

एक हिशेब घालते. एक किलो बेसन, अर्धा किलो तूप आणि पाऊण किलो पिठीसाखर घेतली तर मध्यम आकाराचे पन्नासेक लाडू होतात. म्हणजे एका लाडवात दहा ग्रॅम तूप आणि पंधरा ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सुचवते. दोन लाडू खाल्ले की दिवसाची साखर संपली, आणि अजून चहा व्हायचाय.

लाडू वाईट नाही. जाता-येता खाल्लेला लाडू वाईट, कारण तो खाल्ल्याचं लक्षातही राहत नाही. म्हणून आमच्या घरात आता डबे ओट्यावर नसतात. वरच्या फळीवर, स्टूल लागेल अशा ठिकाणी असतात. दिवसातून एकदा, सकाळच्या नाश्त्याला, फराळ ताटलीत वाढून घ्यायचा. एक गोड, एक-दोन तिखट, सोबत एखादं फळ किंवा मोड आलेली मटकी. खुर्चीवर बसून खायचं. डब्यात हात घालायचा नाही, एवढा एकच नियम मुलांनाही आहे आणि यांनाही. मुलं पाळतात.

दुसऱ्यांकडे फराळाला गेलं की सात पदार्थांची ताटली पुढं येते. ती आल्या आल्याच म्हणा, "वहिनी, यातली चकली आणि करंजी ठेवते, बाकीचं बांधून द्या, घरी पोरं वाट बघतायत." उष्टं झाल्यावर परत करणं अवघड, आधी सांगणं सोपं. आणि चहा बिनसाखरेचा मागा. गोड खाताना तो तसाही फिकाच लागतो.

(ओव्हनमधली चकली मी एकदा केली होती. मुलांनी ती अंगणातल्या किल्ल्यावर तोफा म्हणून मांडली. तेव्हापासून तळलेलीच करते, फक्त कमी करते.)

उपाशी पोटी जाऊ नका

"दुपारी मटण आहे, सकाळी काही नको" हा कोल्हापुरी शहाणपणा नेमका उलटा पडतो. जेवायला एकला बोलावतात, ओवाळणं होऊन ताटं यायला तीन वाजतात, आणि तोवर भुकेनं माणूस चिवड्याची अर्धी परात रिकामी करतो. निघण्यापूर्वी तास-दीड तास आधी एक पेला ताक आणि मूठभर उसळ किंवा एखादा पेरू खाऊन घ्या.

ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी तर हे टाळूच नये. काही औषधं घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, गरगरतं. जेवण लांबणार असेल तर औषध कधी आणि किती घ्यायचं, हे सणाच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. खिशात खडीसाखर असू द्यात.

ताटात काय आधी, काय मागून

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहाराच्या चित्रात निम्मं ताट भाज्या आणि फळांचं असतं. आमच्या मटणाच्या ताटात भाजी म्हणजे कांद्याच्या चार चकत्या आणि लिंबाची फोड. त्यामुळं भाऊबीजेला काकडी-टोमॅटोची दह्यातली कोशिंबीर मी करून नेते, मोठ्या पातेल्यातून. "काय आणू?" असं विचारलं की सगळे "काही नको" म्हणतात, म्हणून विचारत नाही. गेल्या वर्षी ती सगळ्यात आधी संपली.

खाताना आधी कोशिंबीर, मग सुकं मटण आणि भाकरी, शेवटी भात. भाजी आणि मटण आधी पोटात गेलं आणि भात मागून आला तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. वाढणाऱ्याला काही कळतही नाही. भात नको म्हणू नका, एक वाटी घ्या. घरात आजऱ्याचा घनसाळ शिजला असेल आणि तो सोडला, तर रात्री झोप लागणार नाही आणि बारा वाजता डबा उघडाल.

रस्सा: खालून वाढून घ्या

"रस्सा कुठं लागतोय पोटाला, पाणीच की ते!" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. पाणी आहे खरं, पण त्यावर तवंग आहे. मोठा चमचाभर तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, एका मध्यम चपातीएवढ्या. चार वाट्या तांबडा वरवरचा घेतलात तर दोन-तीन चपात्या तुम्ही न चावता प्यालात. म्हणून वाढणारा आला की "तवंग बाजूला सारून खालून दे" म्हणायचं. चव मसाल्याची असते, ती खालीही असते.

पांढऱ्याला तवंग दिसत नाही, पण त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ असतात. तो दाट असेल तितका जड. दोन वाट्यांवर थांबावं.

तुम्ही स्वतः करणार असाल तर हुकमाचं पान तुमच्याच हातात आहे. मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून ते आदल्या रात्रीच शिजवा. त्याचं पाणी, म्हणजे अळणी, गाळून गार करून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीचा पांढरा थर गोठलेला दिसेल, तो चमच्यानं काढून टाका. वाटीभर निघतो, पहिल्यांदा बघताना जरा भीतीच वाटते. मग त्याच अळणीचे दोन्ही रस्से करा. आमच्याकडं कुणाला फरक कळला नाही. आत्तीला कळला असावा, पण ती दोनदा जेवली.

अळणी तशीच, वरून मिरपूड घालून, पेल्यातनं प्यायलाही उत्तम. फक्त नाव अळणी असलं तरी त्यात मीठ असतंच, आणि मीठ चरबीसारखं काढून टाकता येत नाही. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे एक छोटा चमचा, ही मर्यादा एकट्या रश्श्यानंच गाठली जाऊ शकते. रक्तदाब असलेल्यांनी त्या दिवशी पापड-लोणच्याकडं बघू नये.

इथं एक गोष्ट मनात येते. कोल्हापूरची ही खाण्याची रीत बरीचशी तालमीच्या सावलीत वाढली. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमी. म्हशीचं धारोष्ण दूध, थंडाई, मटण हा त्या शरीरांचा खुराक. पैलवान बैठका मारून जेवतो, आपण बैठक मारून जेवतो. खुराक तोच राहिला.

आग्रहाला तोंड कसं द्यावं

सगळ्यात अवघड काम हेच. "नको" हा शब्द आपल्याकडं सुरुवात म्हणून धरला जातो. तीनदा नको म्हटल्यावर चौथ्यांदा वाढतातच, आणि न वाढलं तर आपणच म्हणतो की वाढलं नाही. त्यामुळं नको म्हणायचंच नाही.

पहिल्या वाढपात थोडं थोडं सगळं घ्या, म्हणजे दुसऱ्यांदा घ्यायला जागा राहते आणि वाढणारीचा मानही राहतो. ताट कधी रिकामं होऊ देऊ नका. भाकरीचा एक तुकडा आणि दोन घास कोशिंबीर शेवटपर्यंत ठेवा. रिकामं ताट दिसलं की पळी येते. "अजून घे की गं, काय चिमणीगत खातीयास!" असं म्हणत मामी आल्या तर त्यांनाच काम सांगा: "मामी, मला रस्सा नको, कोशिंबीर आणा तेवढी." मागितलेलं आणून देण्यातही आग्रह पुरा होतो.

सगळ्यात पक्का उपाय म्हणजे स्वतः वाढायला उठणं. हातात पळी असलेल्या माणसाला कुणी आग्रह करत नाही. शेवटच्या पंगतीला, आपल्या हातानं, हवं तेवढं वाढून घेता येतं. पुरुषांनीही करून बघावं. आमच्या दाजींनी एकदा सगळ्यांना वाढलं, त्या दिवशी ते पहिल्यांदाच जेवणानंतर घोरले नाहीत.

डाएटची घोषणा मात्र करू नका. एकदा जाहीर केलं की पंधरा माणसं तुमच्या ताटाकडं बघत बसतात आणि प्रत्येकाकडं एक काढा असतो.

हात धुतल्यावर

लगेच आडवं होऊ नका. दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाललं तरी जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. पाडवा असेल तर सजवलेल्या म्हशी बघायला बाहेर पडा. रंकाळ्याला फिरायला जाणार असाल तर चौपाटीच्या बाजूनं जाऊ नका. तिथं भेळेच्या गाड्या आहेत आणि आमचा सगळा गट एकदा चालायला जाऊन खाऊन आला होता.

दुसऱ्या दिवशी

जास्त झालं म्हणून दुसऱ्या दिवशी कडक उपास करू नका, रात्री दुप्पट खाल. मुगाची खिचडी, पालेभाजी, ताक, नेहमीच्या वेळी. उरलेला रस्सा शिळा झाल्यावर जास्त चांगला लागतो, ही खरी अडचण आहे. तो आदल्या रात्रीच निघणाऱ्या पाहुण्यांच्या डब्यात भरून द्या.

वजनकाट्यावर तुळशीच्या लग्नापर्यंत चढू नका. खारट जेवणांनी अंगात पाणी धरून राहतं, काटा एक-दीड किलो जास्त दाखवतो आणि वैतागून माणूस पुन्हा लाडवाकडं वळतो. तोवर डब्याच्या तळाशी राहिलेला चकलीचा चुरा दह्यात कालवून एकदाचा संपवा, नाहीतर तो ओट्यापाशी उभ्या उभ्याच संपतो.