स्टीअरिंग रॅकचे बुश बदलताना या चुका टाळा

खराब रस्त्यावर वीस-तीसच्या वेगात गाडी चालवताना डॅशबोर्डाखालून खटखट ऐकू येऊ लागली आणि तिचा हादरा स्टीअरिंगवर ठेवलेल्या हातापर्यंत पोहोचू लागला, की बहुतेक मालक ‘रॅकचे बुश गेले’ असे निदान स्वतःच करून गॅरेजमध्ये येतात. ते निदान कधी बरोबरही असते. परंतु रॅकमध्ये, म्हणजे स्टीअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या आडव्या नळीत आणि तिच्यातल्या दातेरी दांड्यात, बुश म्हणून दोन वेगवेगळे भाग बदलले जातात, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. रॅकची नळी ज्या पट्ट्यांनी गाडीच्या सांगाड्याला आवळलेली असते, त्या पट्ट्यांखालचे रबर हा एक भाग. नळीच्या आत, पिनियनच्या (स्टीअरिंगबरोबर फिरून दांडा सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) विरुद्ध टोकाला, दातेरी दांड्याला आधार देणारा प्लास्टिकचा बुश हा दुसरा. आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे असल्यामुळे पिनियन सहसा उजवीकडे येतो आणि आतला बुश डाव्या टोकाला सापडतो. रबर संपले असेल तर अख्खी नळी सरकते. आतला बुश झिजला असेल तर नळी जागच्या जागी राहते आणि दांडा तिच्यात वरखाली हलतो.

हा फरक तपासायला अर्धा तासही लागत नाही, तरीही तो तपासला जात नाही, हीच पहिली चूक आहे. गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर उभी करावी, चारही चाके जमिनीवर टेकलेली असू द्यावीत आणि एकाला आत बसवून स्टीअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगावे. आपण खाली राहून नळी आणि पट्टी यांच्या सांध्यावर बोट ठेवावे, म्हणजे रबराची ढिलाई बोटाला कळते. नंतर पुढचा भाग उचलून स्टँडवर घ्यावा, डाव्या बाजूचा बूट, म्हणजे दांड्यावरचे घड्यांचे रबरी आवरण, मागे सारावा आणि दांडा हातात धरून वरखाली दाबून पाहावा. दोन्हीकडे काहीच हालचाल नसेल, तर खटखट लिंक रॉड, लोअर आर्मचा बुश, टाय रॉड एंड किंवा शॉक अब्सॉर्बरच्या वरच्या माउंटिंगमधून येत असण्याची शक्यता अधिक आहे. लिंक रॉडच्या आवाजासाठी रॅक उतरवून ठेवलेल्या गाड्या मी इतक्या पाहिल्या आहेत, की ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवावी असे वाटते.

आवाज बंद करण्यासाठी अ‍ॅडजस्टर आवळणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती आळसातून होते आणि काही दिवस यशस्वी झाल्यासारखी दिसते. पिनियनजवळ, दांड्याच्या मागच्या बाजूला, स्प्रिंगच्या जोरावर दाबून बसलेला एक प्लंजर असतो. दांड्याचे दाते पिनियनच्या दात्यांना नीट चिकटून राहावेत एवढेच त्याचे काम आहे आणि त्याचा दाब मागच्या झाकणाच्या, म्हणजेच अ‍ॅडजस्टरच्या, आट्यांनी ठरवला जातो. हे झाकण थोडे आवळले की घर्षण वाढते, दांड्याची थरथर दबते आणि आवाज कमी होतो. बुश मात्र झिजलेलाच राहतो, कारण तो दुसऱ्या टोकाला आहे.

औसा भागातले एक शिक्षक आपली जुनी हॅचबॅक घेऊन लातूरला माझ्याकडे आले होते. त्याआधी त्यांनी ती दुसरीकडे दाखवली होती आणि तिथे काही मिनिटांत, रॅक न उतरवता, आवाज ‘काढून’ देण्यात आला होता. ते म्हणाले, “मिस्त्री, आवाज तर गेला बघा, पण गाडी वळवल्यावर चाक परत सरळच होईना.” चांगल्या स्थितीतील गाडीचे स्टीअरिंग वळण संपताच हात सैल सोडल्यावर आपोआप मध्यावर येऊ लागते, आणि वर्षानुवर्षे गाडी चालवणारा माणूस नकळत त्यावर विसंबून असतो. त्यांनीही नेहमीच्या सवयीने हात सैल सोडला, चाके वळलेलीच राहिली आणि गाडी डांबर सोडून बाजूच्या सोयाबीनच्या रानात उतरली. पाऊस नुकताच सुरू झाला होता. काळ्या मातीत चाके रुतली आणि गाडी थांबली. कोणाला इजा झाली नाही. तिथे विहीर किंवा पुलाचा कठडा असता तर काय झाले असते, हे सांगण्याची गरज नाही.

गाडी उचलून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले, तेव्हा ते मध्यभागी ठीक चालत होते आणि दोन्ही टोकांकडे अडत होते. यामागे साधे कारण आहे. गाडी बहुतेक वेळ सरळ चालत असल्यामुळे दांड्याचे मधले दाते जास्त झिजतात आणि टोकाचे जवळपास नवेच राहतात. मधल्या झिजेच्या मापाने प्लंजर आवळला की टोकाच्या दात्यांना जागा उरत नाही. माझी पद्धत अशी आहे की आधी बुश बदलायचा, त्यानंतरच अ‍ॅडजस्टरला हात लावायचा, तोही त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या मापाने, आणि पूर्ण फेर फिरवून कुठेही अडत नाही याची खात्री झाल्याशिवाय ते झाकण जागेवर पक्के करणारा चेक नट आवळायचा नाही. ज्याला एवढा वेळ नाही, त्याने स्टीअरिंगचे काम हाती घेऊ नये.

लेथवर करून घेतलेला नायलॉनचा बुश

जुन्या गाडीचा बुश पटकन मिळत नाही आणि आपल्या एमआयडीसीत तर हवा तो भाग घडवून देणारे लेथवाले आहेत, त्यामुळे नायलॉनच्या दांड्यातून बुश कातून घेण्याचा मोह समजण्यासारखा आहे. लेथवाल्याच्या हातात दोष नसतो. दोष नायलॉनच्या स्वभावात असतो. नायलॉन पाणी शोषते आणि फुगते. नायलॉन ६ पूर्णपणे भिजले तर आपल्या वजनाच्या सुमारे नऊ टक्के पाणी धरून ठेवू शकते. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत अगदी घट्ट मापाने कातलेला बुश सुरुवातीला सुरेख बसतो. पण बूट कुठे फाटलेला असेल आणि पावसाळ्यात पाणी आत शिरले, तर तोच बुश दांड्याला पकडू लागतो. मग मालक पॉवर स्टीअरिंगच्या पंपावर किंवा मोटरवर संशय घेतो आणि खर्चाची गाडी भलत्याच रस्त्याला लागते. शिवाय अनेक मूळ बुशांना उभी चीर आणि बाहेरून रबरी कडी असते, ज्यामुळे बुश किंचित दबू शकतो आणि दांड्यावर सतत हलका दाब ठेवतो. सरसकट गोल कातलेल्या नळीत हा गुण येत नाही. मूळ बुश मिळेपर्यंत चार दिवस थांबावे लागले तर थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बुटाचा विषय निघालाच आहे, तर तेही सांगतो. फाटका बूट तसाच ठेवून किंवा त्याला तार गुंडाळून आत नवा बुश बसवणे म्हणजे पैसे धुळीत घालणे आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पांदण रस्त्यांवरची बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरासारखी दांडा घासत राहते. रॅक उतरवला की दोन्ही बूट आणि त्यांच्या क्लिपा मी नव्याच बसवतो. ग्राहकाने नको म्हटले तर काम घेत नाही.

धुलाईनंतर खालून डिझेल मारणे

गाडी धुतल्यावर खालच्या भागावर डिझेल किंवा जळक्या ऑइलचा फवारा मारून घेण्याची हौस अजून गेलेली नाही. लोखंड काही काळ चमकते, पण माउंटिंगचे रबर तेल पिऊन फुगते, मऊ पडते आणि पट्टीखालून बाहेर येऊ लागते. नवे रबर बसवतानाही हाताला लागेल ते ग्रीस चोपडू नये. साबणाचे पाणी पुरते, नाहीतर सिलिकॉन ग्रीस वापरावे. आवाज कायमचा जावा म्हणून कडक पॉलियुरेथेनचे बुश मागणारे तरुण अलीकडे भेटतात. रेसच्या ट्रॅकवर ते ठीक असतील, आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा थेट हातात येतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. एकाच बाजूचे रबर बदलू नये. पट्टीचा एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळू नये. दोन्ही आळीपाळीने, शेवटी टॉर्क पान्याने आवळावेत. जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली शिरू नये. यावर चर्चाच नको.

एअरबॅग असलेल्या गाडीत मात्र थोडे थांबून विचार करावा. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, म्हणजे आता गॅरेजमध्ये येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत स्टीअरिंगच्या मागे क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅग आणि हॉर्नची वीज पोहोचवणारी गुंडाळलेली पट्टी, असते. स्टीअरिंगला रॅकशी जोडणारा खालचा शाफ्ट सोडल्यावर कोणी सहज म्हणून स्टीअरिंग गरागरा फिरवले, की त्या स्प्रिंगची पट्टी तुटते, हॉर्न बंद पडतो आणि एअरबॅगचा दिवा पेटतो. मी शाफ्ट सोडण्याआधी चाके सरळ करतो, स्टीअरिंग सीटबेल्टने सीटला बांधून टाकतो, शाफ्टवर रंगाची खूण करतो आणि मग किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो.

टाय रॉड एंड, म्हणजे रॅकचा दांडा चाकाला जोडणाऱ्या रॉडचे टोक, काढण्यापूर्वी बाहेर दिसणारे आटे मोजून ठेवावेत, पण त्या मोजणीच्या भरवशावर अलाइनमेंट टाळू नये. ती मोजणी गाडी अलाइनमेंटच्या मशीनपर्यंत सरळ नेण्यापुरतीच असते. इलेक्ट्रिक स्टीअरिंग असेल तर अलाइनमेंटनंतर स्टीअरिंगच्या कोनाचा सेन्सर स्कॅनरवर शून्यावर आणून घ्यावा लागू शकतो. दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर गाडी पुन्हा खड्ड्यावर घ्यावी आणि पट्ट्यांचे बोल्ट व चेक नट यांवर पाना लावून पाहावा.