थर्मोस्टॅट शिकायचाय? भंगारातला एक उघडा

आयटीआयला फ्रिज-एसीचा ट्रेड घेतलेली पोरं कामाला आली की मी आधी त्यांच्या हातात भंगारातला थर्मोस्टॅट, म्हणजे थंडी बघून फ्रिजची मोटर चालू-बंद करणारा स्विच, देतो. वहीत त्याचा एक चौकोन आणि दोन वायरी असतात. तेवढ्यावर पेपर सुटतो, फ्रिज सुटत नाही.

घरगुती फ्रिज आले तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स नव्हतंच. 1913 मध्ये शिकागोच्या फ्रेड वुल्फने काढलेलं डोमेलरे हे यंत्र घरातल्या बर्फाच्या पेटीवर बसवायचं असे. डेट्रॉइटच्या केल्व्हिनेटरने 1918 मध्ये आपोआप चालू-बंद होणारा फ्रिज आणला. पहिला मान कुणाचा, हे भांडण इतिहासवाल्यांना लखलाभ. आपल्या कामाचा प्रश्न वेगळा: डोकं नसलेल्या यंत्राला थंडी कळते कशी?

दाबावरून. बारीक नळीत सल्फर डायऑक्साइडसारखा लवकर उकळणारा द्रव भरून ती पक्की बंद करायची. हा द्रव हवेच्या साध्या दाबाला उणे 10 अंशालाच उकळतो. नळीची शेपटी फ्रिज गार करणाऱ्या कॉइलला चिकटवली की कॉइल तापेल तसा आतला दाब वाढतो, आणि दुसऱ्या टोकाची घडीघडीची डबी, म्हणजे बेलोज, फुगते. समोरून स्प्रिंग रेटत असते. बेलोज जिंकला की वीज जोडणारे कॉन्टॅक्ट जुळून मोटर सुरू, स्प्रिंग जिंकली की बंद. नॉब फिरवता तेव्हा तुम्ही फक्त स्प्रिंगचा ताण बदलता.

आता नॉब सगळ्यात कमी थंडीवर ठेवून शेपटी मीठ घातलेल्या बर्फात बुडवा. 'टक्' ऐकू येईल. बाहेर काढून मुठीत धरा, पुन्हा 'टक्'. कॉन्टॅक्ट हळूहळू सुटले तर ठिणगी धरून जळतील, म्हणून हा झटका मुद्दाम ठेवलेला असतो. दोन्ही 'टक्' वेगवेगळ्या तापमानाला होतात, आणि खरी मेख त्या अंतरातच आहे. अंतर फार कमी ठेवलं तर कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारी मोटर, सारखा चालू-बंद होतो. बंद झाल्यावर सिस्टीममधला दाब समान व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी स्टार्ट घ्यायला गेला की गुरगुरतो आणि ओव्हरलोड, म्हणजे त्याला जळण्यापासून वाचवणारा स्विच, ट्रिप होतो.

आता बरेच फ्रिज सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक कार्डवर चालतात, पण साध्या सिंगल डोअरमध्ये हीच शेपटी अजून आहे. तिच्यातला गॅस गळाला की बेलोज आक्रसतो आणि कॉन्टॅक्ट जुळतच नाहीत. फ्रिज मुका. अशा वेळी प्लग काढून थर्मोस्टॅटच्या दोन वायरी एकमेकींना जोडून डायरेक्ट करा, मग सप्लाय द्या. कॉम्प्रेसर चालला, तर गिऱ्हाइकाला थर्मोस्टॅटचेच पैसे सांगा.