तोंड वाकडं झालंय? आधी डोळा सांभाळा

सकाळी दात घासून चूळ भरायला गेलात आणि पाणी तोंडात राहायचं सोडून डाव्या कोपऱ्यातून गाऊनवर सांडलं, की समजायचं. २०१३ च्या जानेवारीत माझं असंच झालं. आदले दोन दिवस कानामागे ठणकत होतं, ते मी थंडीवर ढकललं. २०१९ मध्ये दुसऱ्या बाजूला झालं आणि मग दीड वर्षाने सासूबाईंना. आता आमच्या सोसायटीत कुणाचं तोंड वाकडं झालं की डॉक्टरांकडून परत येताना ती मंडळी माझ्याकडे चहाला थांबतात. तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाचं लिहून काढते.

डॉक्टरकडे आजच जा

उद्या नाही. तोंड वाकडं होणं हे मेंदूच्या झटक्याचंही लक्षण असतं. दोन्हींत फरक असतो. झटक्यात बहुधा कपाळ वाचतं, म्हणजे भुवया वर केल्या की दोन्हीकडे आठ्या पडतात. बेल्स पाल्सीत, म्हणजे चेहऱ्याची नस सुजून अर्धा चेहरा लुळा पडतो त्या, आपण बोलतोय त्या दुखण्यात, अर्धं कपाळही इस्त्री केल्यासारखं सपाट राहतं. पण ही परीक्षा तुम्ही आरशासमोर घेऊन स्वतःला पास करायची नाही. हातात किंवा पायात जोर कमी वाटला, शब्द जुळेनासे झाले, तोल गेला, तर १०८ ला फोन. बाकी काही नाही, नुसतं तोंडच वाकडं आहे, तरी त्याच दिवशी दाखवा. कानात किंवा कानावर पुरळ, फोड असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. ती नागीण असू शकते आणि तिचे उपचार वेगळे.

घाई कशासाठी, तर स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर उपयोग चांगला होतो. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते. ती सुजली की बोगद्यातच आवळली जाते, आणि ती सूज उतरवायचं काम या गोळ्या करतात. ‘स्टेरॉइड’ शब्द ऐकून शेजारीपाजारी घाबरवतील. घाबरू नका, पण मधुमेह असेल तर साखर वाढते हे धरून चाला आणि डॉक्टरांना आधीच सांगा. सासूबाईंची साखर त्या दहा दिवसांत रोज मोजावी लागली. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, वाढवायच्याही नाहीत.

‘वारं लागलं’, ‘एसटीच्या खिडकीत बसलीस ना’ हे सगळे सांगतीलच. हो म्हणायचं आणि पुढे जायचं. बहुतेकदा मूळ कारण नागिणीच्याच कुळातला, शरीरात दडून बसलेला विषाणू असावा असं मानलं जातं. कबुतराचं रक्त चोळायला सांगणारेही भेटतील. त्यांना चहासुद्धा देऊ नका.

चेहरा बहुधा येतो, डोळा मात्र राखावा लागतो

कोपनहेगनच्या एका डॉक्टरांनी कसलेच उपचार न घेतलेल्या सतराशेच्या वर रुग्णांवर पंचवीस वर्षं नजर ठेवली. त्यांतल्या ७१ टक्क्यांचा चेहरा पूर्ण पूर्ववत झाला, आणि ८५ टक्क्यांना पहिल्या तीन आठवड्यांतच काहीतरी हालचाल दिसू लागली. म्हणजे गोळ्या सुरू झाल्या की चेहऱ्याच्या बाबतीत तुमचं मुख्य काम वाट बघण्याचं आहे. डोळ्याचं तसं नाही. मिटत नसलेला डोळा सुकतो, बुबुळावर ओरखडा उठतो, जखम होते, आणि ती जखम नस बरी झाली तरी नजर अधू करून जाऊ शकते. लोक गालाला शेक देत बसतात आणि डोळा उघडा टाकतात. मीही तेच केलं होतं.

दिवसाचं सोपं आहे. डोळ्याच्या डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब तास-दोन तासांनी. इतक्या वेळा घालायचे तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. घरातही साधा चष्मा, बाहेर गॉगल. गाडीवर काच खाली केलेलं हेल्मेट, आणि ते मागे बसून. एका डोळ्याला धूसर दिसत असताना गाडी चालवायची नाही. फोडणी दुसऱ्या कुणालातरी घालू दे. काजळ बंद. पंखा थेट तोंडावर नको. ‘डोळ्यातून सारखं पाणी येतंय, मग तो कोरडा कसा?’ असं सगळेच विचारतात. खालची पापणी सैल पडल्यामुळे ते पाणी गालावर ओघळतं, बुबुळावर पसरतच नाही. थेंब घालायचेच.

रात्रीची पट्टी

आता इथे नीट लक्ष द्या. बाकीचा लेख नाही वाचलात तरी चालेल.

पहिल्या वेळी मला कुणीतरी सांगितलं, डोळ्यावर कापूस ठेव, वरून चिकटपट्टी लाव आणि झोप. मी तेच केलं. झोपेत कापसाखाली पापणी उघडली आणि रात्रभर कापूस बुबुळावर घासत राहिला. पहाटे चारला डोळ्यात वाळू ओतल्यासारखं होऊन उठले, दिव्याकडे बघवेना. बुबुळावर ओरखडा निघाला आणि आठवडाभर अँटिबायोटिक थेंब घालावे लागले. तोंडापेक्षा त्या आठवड्याने मला जास्त रडवलं. म्हणून सांगते: मिटला नसलेल्या डोळ्यावर कापूस, गॉझ, रुमाल, काहीही ठेवायचं नाही. आधी पापणी बंद, मग बाकी सगळं.

पापणी बंद का होत नाही ते समजलं की पट्टी लावणं सोपं जातं. डोळा उघडणारा स्नायू वेगळ्या नसेवर चालतो आणि तो ठणठणीत असतो. मिटणारा झोपलेला असतो. त्यामुळे समोर बघत पापणी खाली ओढाल तर ती रबरासारखी परत वर जाते. युक्ती एवढीच, की आधी खाली बघायचं, अगदी पायाच्या अंगठ्याकडे. खाली बघताच उघडणारा स्नायू सैल पडतो आणि पापणी अर्धी आपोआप उतरते. उरलेली बोटाने आणायची.

क्रम असा. चेहरा धुवा आणि कपाळ, कानशील, गाल कोरड्या टॉवेलने टिपून घ्या. डोक्याला तेल लावायची सवय असेल तर रात्रीचं तेल बंद. सासूबाईंची पट्टी चार रात्री सुटत होती आणि मी दुकानदाराला दोष देत होते. खोबरेल तेल कपाळावर उतरत होतं, हे पाचव्या दिवशी लक्षात आलं. मग थेंब घाला. पाच मिनिटं थांबून खालची पापणी हलकेच ओढून तिच्या आतल्या बाजूला डोळ्याच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम, सेंटिमीटरभर, जास्त नाही. मलमाने धूसर दिसतं, म्हणून लघवीला वगैरे आधीच जाऊन या. पापणीवर बाहेर आलेलं मलम कोरड्या कापसाने पुसा. बहुतेकांची पट्टी इथेच फसते, कारण ओशट कातडीला काहीच चिकटत नाही.

पट्टी मायक्रोपोरची, म्हणजे जखमेवर लावतात त्या कागदी चिकटपट्टीची, अर्धा इंच रुंदीची, औषधाच्या दुकानात मिळते. पारदर्शक प्लॅस्टिकची नको आणि खोकीबिकी बांधायची तर नकोच नको. बोटभर लांब दोन तुकडे आधीच कापून टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवा. एक हात पापणीवर गुंतल्यावर दातांनी पट्टी तोडायला जाऊ नका. अर्धं तोंड चालत नसताना तेही जमत नाही. प्रत्येक तुकड्याचं एक टोक जरासं दुमडून घ्या, सकाळी पकडायला.

आता खाली बघा. तर्जनीच्या मागच्या बाजूने, नखाने नव्हे, पापणी हळूच खाली आणा आणि तिथेच धरा. पहिला तुकडा वरच्या पापणीवर, पापण्यांच्या केसांच्या जरा वर, नाकाकडून सुरू करून तिरपा बाहेर गालफडाच्या हाडापर्यंत. ओढून ताणायचं नाही, नुसता बसवायचा. केस पट्टीखाली डोळ्याकडे वळलेत का बघा. एखादा जरी आत वळला तरी रात्रभर टोचतो. खालची पापणी लोंबत असेल तर दुसरा तुकडा तिच्याखालून कानशिलाकडे, किंचित वर उचलून.

आणि मग तपासणी. ही तुम्हाला स्वतःला करता येत नाही, कारण आरशात बघायला नजर उचललीत की पट्टीवर ताण येतो. घरातल्या कुणाला तरी मोबाइलचा टॉर्च घेऊन बाजूने बघायला लावा. आमच्याकडे हे काम माझ्या मुलाचं होतं, तेव्हा तो आठवीत होता. वाकून बघायचा आणि जाहीर करायचा, “आजी, पांढरं दिसतंय.” मग पट्टी काढून पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई वैतागायच्या, “अरे, एवढंसं दिसलं तर दिसू दे रे!” पण एवढंसं म्हणजेच बुबुळाखालची ती फट, आणि सुकायचं असतं ते तिथेच. धागाभरही पांढरं दिसलं तर पट्टी नापास. कुणी नसेल तर मोबाइलवर आवाजाने फोटो काढायची सोय असते, ती वापरा.

उताणं किंवा चांगल्या कुशीवर झोपा. सकाळी पट्टी खसकन ओढायची नाही. कोमट पाण्याने भिजवा, दोन मिनिटं थांबा, पापणी बोटाने धरून दुमडलेल्या टोकाकडून हळू सोडवा. कातडी लाल होत असेल तर जागा थोडी बदला. दिवसा अर्ध्या झोपेसाठीही पट्टी हवीच. दुपारच्या वामकुक्षीत डोळे सुकवून घेतलेले दोन जण मी पाहिलेत.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, धूसरपणा मलम पुसूनही गेला नाही, तर त्याच दिवशी डोळ्याचे डॉक्टर. सोमवारची वाट बघायची नाही.

खाणं-पिणं

चांगल्या बाजूने चावा. स्ट्रॉने पिता येत नाही, ओठ बंदच होत नाहीत. आणि बशीतला चहा तर विसराच. अरुंद तोंडाचा छोटा पेला, लहान घोट आणि वाकड्या बाजूचा ओठ बोटाने धरलेला. गुरगुट्या भात, खिचडी, मऊ उपमा चालतो. चिवडा, शेंगदाणे, भेळ नको: गाल आणि हिरडीच्या मध्ये जाऊन बसतात आणि तासाभराने कुणाशी बोलताना बाहेर येतात. जेवण झाल्यावर बोटाने गाल आतून साफ करा. जिभेच्या पुढच्या भागाची चव गेलेली असू शकते, तेव्हा भाजीत मीठ किती ते दुसऱ्याला विचारा.

बोलणं

प, फ, ब, भ, म अडखळतात, कारण ही अक्षरं ओठांवर ओठ टेकल्याशिवाय निघत नाहीत. मी शाळेत मराठी शिकवते आणि त्या वर्षी माझ्या वर्गात प्रथमेश, भूमी आणि दोन पूजा होत्या. हजेरी घेताना वाकडा गाल तळहाताने आधारून किंचित वर उचलायचा, अक्षर बऱ्यापैकी येतं. फोनवर तर कुणाला कळतही नाही. त्या बाजूच्या कानाला आवाज नेहमीपेक्षा मोठा वाटतो, भांडी आदळलेली सहन होत नाहीत. तोही त्याच नसेचा प्रताप आहे.

मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं: “माझी चेहऱ्याची नस सुजलीय, दुखत नाही, लागण होत नाही, काही आठवड्यांत बरी होईल.” हे एक वाक्य पाठ करून ठेवा. पोरांनी दोन मिनिटं बघितलं आणि पुढे धडा काढला. मोठी माणसं मात्र महिनाभर कुजबुजतात.

फुगे फुगवू नका

हे मी भांडून सांगते. फुगे फुगव, च्युइंगगम चाव, जोरजोरात तोंड वेडंवाकडं कर, असे सल्ले घाऊक भावात मिळतात. जोर लावलात की काम चांगली बाजूच करते आणि तोंड आणखी तिकडे ओढलं जातं. च्युइंगगम चावायचे स्नायू तर वेगळ्याच नसेवर चालतात, त्यांना काही झालेलंच नसतं. सुरुवातीला हालचाल शून्य असते तेव्हा व्यायाम नाहीच. दोन बोटांनी गालाला हलकी मालीश पुरे. हालचाल उगवू लागली की आरशासमोर, हळू आणि अगदी लहान: किंचित स्मित, किंचित भुवई, दोन्ही बाजू सारख्या दिसतील एवढंच. चेहऱ्याच्या दुखण्यातला जाणकार फिजिओथेरपिस्ट मिळाला तर उत्तम. विजेच्या शेकाचं यंत्र घरी आणून कुणी लावा म्हणालं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. नसा परतताना कधी चुकीच्या जागी जुळतात, आणि मग हसलं की डोळा मिटतो. जोराने ती भानगड वाढायचीच शक्यता.

तीन आठवड्यांत काहीच हललं नाही, किंवा तीन महिन्यांनी बरंच उरलं असेल, तर परत डॉक्टरांकडे जा आणि पुढच्या तपासण्यांचं विचारा. उलट दिसत असेल, म्हणजे दिवसेंदिवस वाढतच चाललं असेल, तर तेव्हाही थांबू नका.

पट्टी कधी थांबवायची? आपण ठरवायचं नाही. पट्टी न लावता डोळे मिटायचे, टॉर्चवाल्याने झोप लागल्यावर येऊन बघायचं. लागोपाठ चार-पाच रात्री पांढरं दिसलं नाही तर डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवून बंद. सासूबाईंची पट्टी अडतिसाव्या रात्री थांबली. रिळातली उरलेली पट्टी सध्या तिसऱ्या मजल्यावर गेलीय.