खालचा प्रिंटर वरच्या लॅपटॉपला दिसावा म्हणून

आमचं साताऱ्याचं घर दुमजली आहे. प्रिंटर आणि बाबांचा कॉम्प्युटर खाली, आईची संस्कृतची शिकवणी वर. प्रत्येक प्रश्नपत्रिकेसाठी आई पेनड्राइव्ह घेऊन जिना उतरायची, आणि तिचे गुडघे दुखतात. दिवाळीत घरी गेलो तेव्हा आधी हेच काम हातात घेतलं.

घरातली यंत्रं एकमेकांना सापडतात ती दवंडीमुळे. प्रिंटर नेटवर्कवर ओरडून सांगतो, "मी इथे आहे, मी छापतो." विंडोजचे कॉम्प्युटर एकमेकांना हाक देतात ती डब्ल्यूएस-डिस्कव्हरीने, ३७०२ या पोर्टवर (हा नेटवर्कवरच्या दाराचा नंबर, केबलचं भोक नव्हे). बरेचसे प्रिंटर, आयफोन आणि लिनक्स एमडीएनएस वापरतात, त्याचा पोर्ट ५३५३. या दवंड्या राउटरची वेस ओलांडत नाहीत. सेटिंगला हात लावण्याआधी म्हणूनच दोन्ही यंत्रं एकाच वेशीच्या आत आहेत का, ते बघा.

आमच्याकडे नव्हती. वर सिग्नल पोचत नाही म्हणून कुणीतरी दुसरा राउटर बसवून दिला होता आणि खालून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या भोकात लावली होती. त्यामुळे वर वेगळंच नेटवर्क तयार झालं होतं. खालच्या यंत्रांचे नेटवर्कवरचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत होते, वरचे १९२.१६८.० ने. इंटरनेट दोन्हीकडे उत्तम, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. तुमच्याकडेही पत्त्यातले टिंबांनी तोडलेले पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखे नसले तर बहुधा हेच झालंय.

मी लॅपटॉप केबलने वरच्या राउटरला जोडला, राउटरचा लॅनचा, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला (खालचा राउटर १०० पासून पुढचे पत्ते वाटतो, त्यामुळे टक्कर नाही), मग नव्या पत्त्यावर राउटरचं सेटिंगचं पान उघडून त्याचं डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटायचं काम, बंद केलं. शेवटी खालून आलेली केबल वॅनमधून काढून लॅनच्या पोर्टमध्ये लावली. राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (वेगळं नेटवर्क न बनवता फक्त वायफाय देणं) असेल तर तो निवडा, हे सगळं सोपं होतं. घरचे लॅपटॉप गेस्ट वायफायवर ठेवू नका, आणि एपी आयसोलेशन (वायफायवरच्या यंत्रांना एकमेकांपासून तोडणारं सेटिंग) चालू असेल तर बंद करा. नाहीतर शेजारशेजारची यंत्रंही एकमेकांना दिसत नाहीत.

आता विंडोज ११. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे आपल्या वायफायच्या प्रॉपर्टीज उघडून पब्लिकऐवजी प्रायव्हेट निवडा. मग ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, त्यात ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज. प्रायव्हेट नेटवर्क्सखाली नेटवर्क डिस्कव्हरी चालू करा आणि जोडलेली उपकरणं आपोआप सेट करण्याचा पर्यायही चालू ठेवा. पब्लिकखालचं डिस्कव्हरी बंदच राहू दे. स्टँडवरच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर आपला लॅपटॉप कुणाला कशाला दिसायला हवा?

बाबांच्या कॉम्प्युटरवर नेटवर्क डिस्कव्हरीचं बटण चालू केलं तरी परत बंद व्हायचं. असं झालं की विंडोजमधलं सर्व्हिसेस हे ॲप उघडा आणि फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन, एसएसडीपी डिस्कव्हरी, यूपीएनपी डिव्हाइस होस्ट व डीएनएस क्लायंट चालू आहेत का ते बघा. पहिल्या सर्व्हिसचा स्टार्टअप टाइप मी ऑटोमॅटिक केला. ती बंद असेल तर आपल्याला इतर दिसतात, पण इतरांना आपण दिसत नाही.

इथे दोन गोष्टी कळकळीने सांगतो. कॉम्प्युटर दिसत नाही म्हणून एसएमबी १ (विंडोजची फाइल शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा, असा सल्ला अजूनही मिळतो. तो ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच जुन्या एसएमबीतल्या फटीतून पसरला होता. दुसरं, राउटरमधल्या यूपीएनपीचा या कामाशी संबंध नाही. ते बाहेरच्या इंटरनेटसाठी दारं उघडतं, म्हणून मी ते बंद ठेवतो.

घरात लिनक्सवर सांबाचं (विंडोजशी फाइल शेअर करणाऱ्या सॉफ्टवेअरचं) फोल्डर असेल तर त्या यंत्रावर डब्ल्यूएसडीडी हा छोटा प्रोग्रॅम बसवा, म्हणजे ते विंडोजच्या नेटवर्कमध्ये दिसू लागेल.

यानंतरही एखादा कॉम्प्युटर दिसला नाही, तर फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्याचा पत्ता टाइप करा. फोल्डर उघडलं तर रस्ता नीट आहे, फक्त दवंडी अडतेय. अशा वेळी आधी अँटीव्हायरसची फायरवॉल तपासा.

आईच्या लॅपटॉपवर प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये ॲड डिव्हाइस दाबलं आणि प्रिंटरचं नाव आलं. तिने लगेच दहावीची शब्दरूपं छापायला दिली. कागद घ्यायला आता शिकवणीचीच मुलं खाली धावतात.