पहिला बाऊल मोठा घ्या, आणि शेगडीच्या वर ठेवू नका

परदेशात नव्याने राहायला आलेल्या कुणाच्या घरी पहिल्यांदा गेले की ओट्यावर मला हमखास एकच गोष्ट दिसते: पीठ कालवायच्या, एकात एक बसणाऱ्या आठ-दहा बाऊलचा रंगीत सेट. घर अजून लागलेलं नसतं, पडदे नसतात, पण सेट असतो. सहा महिन्यांनी पुन्हा जावं तर त्यातले दोनच वापरात असतात. तळहाताएवढे चार कुठेतरी मागे पडलेले असतात आणि सगळ्यात मोठाही कामाला अपुराच पडतो. मीही असाच सेट घेतला होता, म्हणून कळकळीने सांगते. सेट घेऊ नका. एकच घ्या, स्टीलचा, पाच लिटरचा. महिनाभर त्याच्यावर काढा. मग काय कमी पडतंय ते तुमचं तुम्हालाच कळेल. बहुतेकांना पुढे तीन लिटरचा एक आणि दीड लिटरचा एक लागतो, तिथे विषय संपतो.

पाच लिटर ऐकून दोघांच्या संसाराला एवढा कशाला, असं सगळेच विचारतात. बाऊल भरायचा नसतो, त्यात हात फिरायला जागा हवी असते. यीस्टचं पीठ फुगून दुप्पट होतं, अंड्याचा पांढरा भाग फेटला की आठपटीपर्यंत जातो, आणि कोरडं पीठ कालवताना बाऊल निम्म्याच्या वर भरला असेल तर अर्धं पीठ ओट्यावर सांडतं. मोठ्या बाऊलमध्ये थोडं काम नीट होतं, लहान बाऊलमध्ये मोठं काम होत नाही. शिवाय लेबलवरचे लिटर हे बहुधा काठोकाठ भरल्यावरचे असतात. घरी आणल्यावर एकदा मापाने पाणी ओतून बघा आणि त्याचा निम्मा आकडा लक्षात ठेवा. तुमच्या कामाचं माप ते.

दुकानात लेबल वाचत बसण्यापेक्षा बाऊल हातात घ्या. काठावरून नख फिरवा. काठ बाहेरून वळवलेला असतो. ती वळी पूर्ण मिटलेली असेल तर उत्तम. खाली बारीक फट राहिली असेल तर तिच्यात पाणी आणि पीठ अडकतं, वास येतो आणि पुढे गंजाचे डाग धरतात. मग बाऊल फळीवर ठेवून काठ एका बोटाने दाबा. लगेच कलंडला तर फेटताना तो तुमच्या हातात राहणार नाही. शेवटी एका हाताने काठ धरून ओतल्यासारखा तिरका करा. रिकामा असतानाच मनगट ओढलं जात असेल तर भरल्यावर काय होईल याचा विचार करा. तळ आतून गोलसर हवा, कोपरा नको, कारण कोपऱ्यातलं कोरडं पीठ चमच्याला सापडतच नाही.

स्टीलवर १८/८ किंवा ३०४ लिहिलेलं असेल तर निर्धास्त घ्या. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. १८/० मध्ये निकेल जवळजवळ नसतं, त्याला लोहचुंबक घट्ट चिकटतो आणि मीठ-पाण्याने डाग लवकर पडतात. तरी तोही टाकाऊ नाही, फक्त त्यात खारट-आंबट काही रात्रभर ठेवू नका. नवीन बाऊल आधी तेलाच्या बोळ्याने पुसा. पॉलिशचा काळपट अंश निघतो, मग साबणाने धुवा. साध्या अॅल्युमिनियममध्ये आंबट कालवू नका. प्लॅस्टिकला चरे पडतात, त्यात तूप-तेल धरून राहतं, आणि तेवढ्या ओशटपणानेही अंड्याचा पांढरा भाग नीट फुगत नाही.

आता काच. काचेचा बाऊल मायक्रोवेव्हमध्ये चालतो, आंबटाचं त्याला काही होत नाही, आतलं पीठ किती फुगलं ते बाहेरून दिसतं. तो वाईट नाही, जड आहे. आणि इथल्या भाड्याच्या घरांत वरची कपाटं नेमकी काचेच्या सपाट, विजेवर चालणाऱ्या शेगडीच्या डोक्यावर असतात.

पहिल्या वर्षी माझे काचेचे तीन बाऊल तिथेच, एकावर एक ठेवलेले होते. खालचा हवा होता म्हणून वरचे दोन एका हाताने उचलून धरले आणि दुसऱ्या हाताने खालचा ओढला. वरचा निसटला. बाऊलला टवकाही गेला नाही. शेगडीला मात्र एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. तडा गेलेली शेगडी वापरायची नसते, कारण सांडलेलं पाणी आत विजेपर्यंत जाऊ शकतं. नऊ दिवस घरात चूल नव्हती. घरमालकाने अख्खी शेगडी बदलून घेतली आणि आमच्या अनामत रकमेतला निम्म्याहून मोठा भाग त्यात गेला. करारात तसं लिहिलेलंच होतं, आम्ही वाचलं नव्हतं. म्हणून पुन्हा सांगते: शेगडीच्या वरच्या कपाटात चहा ठेवा, कागदी रुमाल ठेवा, जड भांडं ठेवू नका. त्यानंतर तिघांना मी हे सांगितलं. एकीने हसण्यावारी नेलं, आणि तिचीही शेगडी गेली.

इथे आधीपासून राहणारी जुनी मंडळी नव्याने येणाऱ्यांना ठासून सांगतात, ‘बरोबर काही आणू नका, इथे सगळं मिळतं.’ मला ते पटत नाही. स्टीलचा हलका मोठा बाऊल बॅगेत कपडे भरून आणला तर जागा जवळजवळ घेतच नाही, आणि सवयीचं भांडं हाताशी असलं की परकं स्वयंपाकघर लवकर आपलं होतं. काच मात्र आणू नका.

काचेचे बाऊल एकात एक ठेवताना मध्ये फडकं घाला. अडकलेच तर ओढाताण करू नका. आतल्यात गार पाणी भरा, बाहेरचा कोमट पाण्यात धरा आणि हलकेच फिरवा. कोमटच, कढत नाही. बर्फ आणि उकळतं पाणी एकाच वेळी लागलं तर काच तडकते.